दोन औषधांमधले दिवस

प्रश्न :

मी ३४ वर्षांची असून नागपूरला मानेवाडा भागात राहते आणि शाळेत गणित शिकवते. पाच वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या नसेला सूज आली, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. चार वर्षांपासून फिंगोलिमॉडची रोज एक गोळी घेत होते आणि या काळात आजाराचा एकदाही अटॅक आला नाही. फेब्रुवारीत मात्र डाव्या हाताला आठवडाभर मुंग्या आल्या आणि एमआरआयमध्ये दोन नवे डाग दिसले. डॉक्टरांनी गोळी बंद करून रिटुक्सिमॅब सुरू करण्याचा सल्ला दिला आणि काही चाचण्या लिहून दिल्या. ते औषध कॅन्सरचे आहे असे वाचल्यावर माझा धीर खचला. मे महिन्यात धाकट्या भावाचे लग्न आहे, म्हणून तोवर शरीराला जरा विश्रांती द्यावी असे ठरवले. गोळ्यांची पट्टी संपली, ती पुन्हा आणलीच नाही. आज १८ दिवस झाले. तब्येत छान वाटते. फक्त दुपारी शाळेतून स्कूटीने येताना नजर धूसर होते आणि पाय जड होतात. कूलरसमोर अर्धा तास बसले की बरे वाटते. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून सासूबाई गुळवेलीचा काढा देतात. पुढे दुसऱ्या बाळाचाही विचार आहे. औषध बदलावे, की जुनेच पुन्हा सुरू करावे?

– एक वाचक, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र ज्या संध्याकाळी हाती पडले त्याच संध्याकाळी संपादकांकरवी तुम्हाला दोन गोष्टी कळवल्या होत्या. त्या इथे पुन्हा लिहितो, कारण याच अवस्थेत आणखीही कोणी असू शकेल. गोळी १८ दिवसांपासून बंद आहे हे तुमच्या न्यूरोलॉजिस्टना लगेच फोन करून सांगावे, पुढच्या तारखेची वाट पाहू नये, ही पहिली. आणि घाबरून जाऊन औषधाच्या दुकानातून नवी पट्टी आणून घरच्या घरी गोळी सुरू करू नये, ही दुसरी. फिंगोलिमॉडची पहिली गोळी घेतल्यावर काही तास नाडी मंदावते, म्हणून ती रुग्णालयात, आधी आणि नंतर ईसीजी काढून, किमान सहा तास देखरेखीखाली देतात, हे तुम्हाला आठवत असेल. पुष्कळांना ठाऊक नसते ते असे, की पहिला महिना उलटून गेल्यावर कधीही १४ दिवसांहून अधिक खंड पडला, तर पुढची गोळी पुन्हा ‘पहिली’च धरली जाते आणि ते सहा तास नव्याने बसावे लागते. तुमचा खंड त्याच्या पुढे गेलेला आहे.

मी डॉक्टर नाही. हिशेबतपासणीच्या नोकरीत आयुष्य गेले आणि त्यातली शेवटची एकोणीस वर्षे हा आजार सोबतीला होता. या काळात दोनदा औषध बदलले. एकदा नीट आणि एकदा वाईट तऱ्हेने. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते तुमच्या डॉक्टरांच्या शब्दावर मात करण्यासाठी नसून, त्यांच्या समोर बसल्यावर नेमके काय विचारावे हे तुमच्या हाती असावे यासाठी आहे.

तुम्ही नव्या औषधाची भीती बाळगली आहे आणि जुन्याबद्दल तुमच्या मनात कृतज्ञता आहे. दोन्ही भावना मला समजतात. परंतु जुने औषध थांबल्याचा दिवस आणि नवे सुरू होण्याचा दिवस यांच्यामध्ये जे दिवस पडतात, त्यांच्याविषयी तुमच्या पत्रात ‘विश्रांती’ याखेरीज एकही शब्द नाही. चिंता करायचीच तर त्या दिवसांची करावी.

याचे कारण फिंगोलिमॉड कसे काम करते त्यात आहे. आपल्या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी वाट चुकून मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरतात आणि तिथल्या नसांवरचे मायलिनचे आवरण कुरतडतात. फिंगोलिमॉड या पेशींना मारत नाही. ते त्यांना लसिका ग्रंथींमधून बाहेर पडू देत नाही. गावातली मोकाट जनावरे कोंडवाड्यात घालावीत तसे. तुमच्या रक्ताच्या तपासणीत चार वर्षे लिम्फोसाइटचा आकडा कमी येत होता तो याचमुळे. गोळी थांबली की कोंडवाड्याचे फाटक हळूहळू उघडते आणि एक ते दोन महिन्यांत आतली बहुतेक जनावरे रस्त्यावर येतात. काही रुग्णांमध्ये ती अशी काही उधळतात, की गोळी सुरू होण्यापूर्वी होता त्याहूनही आजार तीव्र होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. अशी प्रकरणे विरळ आहेत, पण ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्यापैकी बहुतेकांना ती गोळी थांबल्यापासून १२ आठवड्यांच्या आत आली, आणि काहींचे गेलेले बळ पूर्ण परतले नाही. तेव्हा अठराव्या दिवशी तब्येत छान वाटणे हा कशाचाच पुरावा नाही. त्या दिवशी फाटक जेमतेम किलकिले झालेले असते.

माझ्याबाबतीत हे २०१९ च्या उन्हाळ्यात घडले. फिंगोलिमॉड चालू असताना दोनदा नागीण झाली, लिम्फोसाइटचा आकडा फारच खाली गेला आणि डॉक्टरांनी औषध बदलायचे ठरवले. गोळी कधी थांबवायची हे त्यांनी सांगितले. नवे औषध कधी सुरू होईल हे विमा कंपनीच्या मंजुरीवर अवलंबून राहिले आणि ती मंजुरी लांबत गेली. मला त्याचे काही वाटले नाही. उलट सहा-सात वर्षांनी प्रथमच सकाळी गोळी घ्यायची नाही याचा हलका आनंद होता, आणि डॉक्टरांना फोन करून ‘अजून सुरू झालेले नाही’ एवढे सांगण्याचेही सुचले नाही. वरचा इशारा निघून तेव्हा सहा महिने झाले होते, पण तो माझ्या वाचनात नव्हता. नवव्या आठवड्यात एके सकाळी दूध आणायला म्हणून निघालो. फाटकापर्यंत गेलो तेव्हा शेजारच्या मुलाने हाक मारली, “काका, तुमची एक चप्पल मागंच राह्यली.” डाव्या पायातून चप्पल निसटून पडली होती आणि मी वीस पावले तसाच चाललो होतो. पायाला कळलेच नाही. त्यानंतर पाच दिवस मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ड्रिप, तीन महिने फिजिओथेरपी, आणि काठी. काठी आजही आहे.

हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. गोळी थांबवणाऱ्या प्रत्येकाचे असे होते असेही नाही. पण हिशेबाची नोकरी केलेल्या माणसाला इतके कळायला हवे होते, की एका खात्यातून रक्कम निघाली आणि दुसऱ्या खात्यात जमा झाली नाही, तर मधल्या काळात ती कुठे आहे हे कुणीतरी विचारले पाहिजे.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याकडे वळू. चार वर्षे अटॅक आला नाही म्हणजे औषध चालले होते, यात शंका नाही. पण गोळी नियमित चालू असताना नवे लक्षण आले आणि एमआरआयमध्ये दोन नवे डाग दिसले, तेव्हा त्या औषधाचा आवाका संपला असे डॉक्टर मानतात. ‘गोळीची सवय झाली’ असे आपल्याकडे म्हणतात, ते मात्र खरे नव्हे. आजाराचा जोर वाढतो आणि औषधाचा जोर तेवढाच राहतो. मेंदूतला प्रत्येक डाग लक्षण दाखवतोच असेही नाही, किंबहुना बहुतेक दाखवत नाहीत, म्हणून केवळ हाताच्या मुंग्या थांबल्या यावर समाधान मानता येत नाही. अशा वेळी तेवढ्याच ताकदीच्या दुसऱ्या औषधाकडे न जाता अधिक प्रभावी औषधाकडे जावे, हा आज सर्वत्र मानला जाणारा मार्ग आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी तोच सुचवलेला दिसतो. म्हणून जुनी गोळी कायमची पुन्हा सुरू करावी का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून तरी ‘नाही’ असे आहे. नवे औषध सुरू होईपर्यंतचा पूल म्हणून ती थोडे दिवस द्यायची का, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

रिटुक्सिमॅब कॅन्सरचे औषध आहे, हे वाचले ते खोटे नाही. १९९७ मध्ये ते लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी आले. परंतु ते सरसकट सगळ्या पेशींवर घाव घालणाऱ्या केमोथेरपीसारखे नसते. ‘बी’ जातीच्या लिम्फोसाइटवर सीडी २० नावाची एक खूण असते, ती ओळखून तेवढ्याच पेशी ते रक्तातून काढून टाकते. लिम्फोमात याच पेशी बेसुमार वाढतात आणि आपल्या आजारात याच पेशी आगीत तेल ओततात, म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालते. आमवाताच्या रुग्णांना ते कित्येक वर्षांपासून देतात. तुमच्या हातात येणाऱ्या पाकिटातल्या माहितीपत्रकात एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे, नाव सापडणार नाही, कारण कंपन्यांनी या आजारासाठी त्याची रीतसर परवानगी घेतलेली नाही. तरीही जगभरचे न्यूरोलॉजिस्ट ते वापरतात, स्वीडनमध्ये तर फार मोठ्या प्रमाणावर, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी ज्या तीन औषधांची भर घातली त्यांत रिटुक्सिमॅब आहे. त्याच घराण्यातले ऑक्रेलिझुमॅब नावाचे औषध रीतसर एमएससाठीच मंजूर झालेले आहे, पण त्याचा खर्च आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर जातो. रिटुक्सिमॅब भारतात अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे ते तुलनेने स्वस्त पडते. स्वस्त म्हणून ते कमअस्सल आहे, असा समज मी आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत ऐकला आहे; तो मनातून काढून टाका.

मला वाटते तुमची खरी अडचण औषधाच्या नावापेक्षा त्या चाचण्यांच्या कागदाशी आहे, जो फेब्रुवारीपासून पर्समध्ये घडी करून ठेवलेला असणार. तो आजच बाहेर काढा. त्यातली प्रत्येक चाचणी कशासाठी आहे हे कळले तर ती केवळ औपचारिकता वाटणार नाही. हिपॅटायटिस बीची चाचणी सर्वांत महत्त्वाची, कारण यकृतात वर्षानुवर्षे निपचित पडलेला हा विषाणू बी पेशी नाहीशा झाल्या की पुन्हा उठू शकतो आणि यकृताचे गंभीर नुकसान करू शकतो. त्यासाठी केवळ पृष्ठभागावरचा अँटिजेन पाहून भागत नाही, ‘कोअर अँटिबॉडी’ही तपासावी लागते, तेव्हा दोन्ही लिहिल्या आहेत ना हे पाहून घ्या. क्षयरोग आपल्याकडे घरोघरी होऊन गेलेला असतो. त्याचा सुप्त संसर्ग आहे का हे छातीचा एक्स-रे आणि मांटू या त्वचेवरच्या चाचणीने किंवा रक्ताच्या चाचणीने पाहतात. फिंगोलिमॉडमुळे लिम्फोसाइट कमी असताना ही रक्तचाचणी कधी कधी अनिर्णित येते. तसे झाले तर प्रयोगशाळेला दोष न देता अहवाल डॉक्टरांना दाखवावा. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची, पातळी आत्ता मोजून ठेवायची, कारण रिटुक्सिमॅब वर्षानुवर्षे चालले की ती घसरू शकते आणि मग वारंवार संसर्ग होतात. सुरुवातीचा आकडाच नसेल तर किती घसरली हे कळणार कसे?

लसींचा प्रश्न याच पोटी येतो. बी पेशी गेल्यावर घेतलेल्या लसीचा शरीरावर फारसा ठसा उमटत नाही, म्हणून न्यूमोनियाची आणि फ्लूची लस ड्रिपच्या निदान दोन आठवडे आधी, जमल्यास चार आठवडे आधी घ्यावी असे सांगतात. कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूची असते आणि ती तुम्हाला या अवस्थेत घेता येणार नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला विचारून ठेवा, डॉक्टर ते विचारतीलच. आणि लसीसाठी थांबणे म्हणजे मधले दिवस वाढवणे होय, हे विसरू नका. तुमच्या बाबतीत १८ दिवस आधीच गेलेले असल्यामुळे कोणती लस आत्ता आणि कोणती नंतर, यात डॉक्टरांना तडजोड करावी लागेल.

मग मध्ये दिवस ठेवायचे तरी किती? इथे दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे. एकीकडे नवे औषध रक्तातल्या बी पेशींना गाठते, आणि त्या अजून ग्रंथींच्या कोंडवाड्यातच असतील तर त्यांतल्या काही त्याच्या हातून निसटतील अशी शंका असते; म्हणून लिम्फोसाइट थोडे वर येईपर्यंत काही डॉक्टर दोन ते चार आठवडे थांबतात. दुसरीकडे थांबण्याचा प्रत्येक आठवडा आजार उसळण्याची संधी असतो. म्हणून काही जण त्याहूनही कमी थांबतात. दोन-तीन महिने थांबा, असे मात्र कोणी सांगणार नाही. तुमचा आजचा लिम्फोसाइटचा आकडा पाहून डॉक्टर यातला मार्ग काढतील. हे प्रत्येक औषधाचे निराळे असते, हेही लक्षात असू द्या. मी २०१३ मध्ये इंटरफेरॉन सोडून फिंगोलिमॉड घेतले तेव्हा मध्ये थांबावेच लागले नाही. आणि टेरिफ्लुनोमाइड ही याच आजारावरची गोळी घेणाऱ्याच्या शरीरात ते औषध दोन वर्षांपर्यंतही रेंगाळू शकते, इतके की घाई असेल तर ते धुऊन काढण्यासाठी वेगळी पावडर ११ दिवस द्यावी लागते. तेव्हा ‘माझ्या बहिणीच्या मैत्रिणीने दोन महिने थांबूनही काही झाले नाही’ या बोलण्याला काही अर्थ नसतो. ती कोणत्या औषधावरून कोणत्या औषधावर गेली, हे आधी विचारावे.

माझी विनंती एवढीच, की डॉक्टरांकडून तीन तारखा एका कागदावर लिहून घ्या. शेवटची गोळी कधी घेतली, पहिली ड्रिप कधी, आणि ड्रिप त्या दिवशी होऊ शकली नाही तर कोणत्या दिवसापर्यंत फोन करायचा. तिसरी तारीख कोणी लिहीत नाही. माझ्याकडेही ती नव्हती.

भावाच्या लग्नासाठी ड्रिप पुढे ढकलण्याची गरज मला दिसत नाही. पहिली ड्रिप म्हणजे एका दिवसाचे काम असते. सकाळी रुग्णालयात जायचे, आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी औषध आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, मग अगदी थेंबाथेंबाने ड्रिप सुरू करून दर अर्ध्या तासाला वेग वाढवत नेतात. चार ते सहा तास लागतात. माझ्या पहिल्या वेळी तासाभरात घशात खवखव सुरू झाली आणि कानाच्या पाळ्या खाजू लागल्या. मी संकोचाने गप्प बसलो होतो, पण नागपुरात धंतोलीतल्या रुग्णालयाच्या वॉर्डातल्या सिस्टरचे लक्ष माझ्या हाताकडे गेले. “काका, असं काही होत असंन तर लगेच सांगाचं, मनात नाही ठेवाचं,” असे म्हणत तिने ड्रिपचे चाक बंद केले, वीस मिनिटांनी अर्ध्या वेगाने सुरू केले आणि संध्याकाळी पाचला मी घरी आलो. हा त्रास पहिल्याच वेळी जास्त होतो, पुढे कमी होत जातो. स्टेरॉइडमुळे त्या रात्री झोप लागत नाही. सकाळी चारला उठून मी कपाटातल्या जुन्या पावत्या लावल्या होत्या. दुसरा डोस बहुधा पंधरा दिवसांनी आणि नंतर सहा-सहा महिन्यांनी असतो, पण मात्रा आणि अंतर याबाबत डॉक्टरांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. तेव्हा लग्नाची तारीख त्यांना सांगा, म्हणजे ड्रिपचा दिवस आणि हळदीचा दिवस एकमेकांवर येणार नाहीत. लग्नघरात कोणी खोकत-शिंकत असेल तर मात्र आत्याबाई असोत की मामेसासरे, चार हात लांब राहा. आणि ड्रिपनंतरच्या महिन्यांत ताप आला तर तो अंगावर काढू नका. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतोच, आणि ‘व्हायरल असेल’ म्हणून तीन दिवस घरी काढण्याची मुभा आता तुम्हाला नाही.

दुपारी स्कूटीवर नजर धूसर होते, याबद्दल. हा नवा अटॅक असण्याची शक्यता कमी आहे. शरीराचे तापमान थोडेसे जरी वाढले तरी ज्या नसेचे आवरण पूर्वी खराब झाले आहे तिच्यातून संदेश नीट जात नाही, आणि तुमच्या उजव्या डोळ्याची नस तशीच आहे. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवले होते. शरीर थंड झाले की दृष्टी पूर्ववत होते आणि यामुळे नवे नुकसान होत नाही. अटॅक म्हणायचे तर नवे लक्षण, किंवा जुनेच वाढलेले लक्षण, निदान २४ तास सलग टिकले पाहिजे आणि त्याला ताप किंवा लघवीतल्या जंतुसंसर्गासारखे दुसरे कारण नसले पाहिजे. तुमचे अर्ध्या तासात ओसरते. तरीही ही गोष्ट मी हलक्यावारी नेत नाही. एक तर नजर धूसर असताना स्कूटी चालवणे हा सरळ सरळ अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. मे महिनाभर तरी शाळेतून येताना ऑटो करा किंवा कोणाच्या मागे बसा, आणि दुपट्टा बांधायचा तर ओला करून बांधा. दुसरे असे, की नागपुरात पारा ४५ च्या पुढे असताना, त्यातही मेअखेरीस सुरू होणाऱ्या नवतपाच्या नऊ दिवसांत, उन्हाने झालेली जडता आणि आजार उसळल्याने आलेली जडता यांत फरक करणे रुग्णाला अवघड जाते. म्हणून या दिवसांत घड्याळ वापरा. कूलरसमोर बसून, पाणी पिऊन दोन-तीन तासांतही पाय हलका झाला नाही, किंवा रात्री झोपून उठल्यावरही नजर तशीच राहिली, तर ऊन म्हणून सोडून देऊ नका. तोल जाणे, लघवी अडणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काही झाले तर २४ तास मोजत बसायचेही कारण नाही, थेट रुग्णालयात जा.

गुळवेलीचा काढा बंद करा. सासूबाईंच्या मायेविषयी मला आदर आहे आणि त्यांना हे कसे सांगायचे ते तुम्ही माझ्याहून चांगले जाणता, पण आपल्या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसून ती आपल्याच घरावर चालून आलेली आहे. तिला खतपाणी घालणारे काहीही, मग ते काढा असो की दुकानातली ‘इम्युनिटी बूस्टर’ची बाटली, आपल्यासाठी नाही. शिवाय गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे कोरोनाच्या काळात आपल्याच राज्यातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत, आणि तुमच्या यकृताची तपासणी आता नव्या औषधासाठी होणार आहे. त्या अहवालात काढ्याची भर नको.

बाळाच्या विचाराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण ती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला हवी, कारण तिच्यामुळे औषधाची निवड बदलू शकते. फिंगोलिमॉडचा गर्भाला धोका असतो आणि ते थांबवल्यावर दोन महिने गर्भधारणा टाळावी लागते, हे आजही तुम्हाला लागू आहे. म्हणजे या ‘विश्रांती’च्या काळात ती काळजी सुटता कामा नये. रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात शेवटच्या डोसनंतर १२ महिने थांबावे असे छापलेले असते, पण अनुभवी न्यूरोलॉजिस्ट अनेकदा त्याहून कमी अंतर ठेवून गर्भधारणेचे नियोजन करतात, कारण औषध शरीरातून गेल्यानंतरही त्याचा परिणाम बराच काळ टिकतो. त्या दृष्टीने पाहिले तर, रोजच्या गोळीपेक्षा हे औषध तुमच्या बेताला सोयीचे ठरण्याचा संभव आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत या आजाराचे अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, तेव्हा बाळ झाल्यावर औषध पुन्हा कधी सुरू करायचे याचीही तारीख आधीच ठरलेली असावी.

विम्याविषयी थोडेसे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना संरक्षण देण्यास कंपन्यांना सांगितले त्यांत इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत, आणि रिटुक्सिमॅब त्याच जातीचे आहे. कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात, म्हणून पॉलिसीचा कागद वाचून ठेवा आणि मंजुरीचा अर्ज चाचण्यांच्या अहवालांची वाट न पाहता आधीच टाका. माझे नऊ आठवडे कुठे गेले हे तुम्हाला ठाऊक आहेच.

नवे औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याला पास-नापास ठरवू नका. पूर्ण परिणाम दिसायला काही महिने जातात, आणि त्या काळात एखादा नवा डाग उमटला तर तो मधल्या दिवसांच्या नावे लिहायचा, नव्या औषधाच्या नव्हे. याचसाठी सुरुवातीनंतर तीन ते सहा महिन्यांनी एक एमआरआय काढतात आणि पुढची सगळी तुलना त्याच्याशी करतात. तो शक्यतो त्याच केंद्रात, त्याच मशीनवर काढावा. अहवालाचा कागद पुरेसा नसतो, डॉक्टरांना चित्रे पाहावी लागतात. फेब्रुवारीच्या एमआरआयची सीडी तुम्ही घरी आणली आहे का? नसेल तर रक्त द्यायला जाल त्याच दिवशी येता येता तीही घेऊन या.